आईसाठी रिकामी केलेली फळी

मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधून मी नोकरीसाठी नाशिकला निघाले, तेव्हा माझं सगळं सामान एका पत्र्याच्या ट्रंकेत मावलं होतं. माझे वडील, आप्पा, रेल्वेत फिटर होते. ती ट्रंक त्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन पूल ओलांडला. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीचं सामान हमालाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर चालत म्हणाली, "एवढ्याशा सामानात कुठं संसार होतो का, सुमन?"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मला वाटलं, न व्हायला काय झालं?

काही वर्षांनी आप्पांची निवृत्ती जवळ आली आणि क्वार्टर रिकामं करायची वेळ आली. मी पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. ज्यांनी ओव्हरटाइम करून मला शिकवलं, त्यांना मी माझ्याकडेच आणणार, हे मनाशी पक्कं होतं. आप्पा लगेच तयार झाले. आई मात्र म्हणाली, "माझी भांडी येतील तिथं मी येईन. नाय तर भावाकडं गावाला जाते. तुम्ही बापलेक राहा नाशकात."

ज्यांनी क्वार्टरच्या लाईनीतले संसार पाहिलेत, त्यांना आईच्या भांड्यांचं वर्णन नको. पितळेचे हंडे, तांब्याचं घंगाळ, एकात एक बसवलेल्या पराती आणि अख्ख्या लग्नाचा भात शिजेल असं एक पातेलं. लग्नात आलेली भांडी, त्यामुळे प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव घातलेलं. ती सगळी माझ्या खोल्यांत आणली असती, तर आम्हाला जिन्यावर झोपावं लागलं असतं.

अडचण आली की आमच्याकडे शेजारी विचारायची रीत. मी शिकलेली, म्हणून पुस्तकांकडे गेले. वाचनालयातून घर आवरण्याविषयीची दोन पुस्तकं आणली. पहिलं बहुधा बंगल्यात राहणाऱ्या कुणी लिहिलं असावं. जास्तीचं सामान माळ्यावर टाका, असं त्यात होतं. आम्हाला माळाच नव्हता. दुसरं पातळ होतं, लहान घरांसाठी लिहिलेलं. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर काढावी, हा त्यातला नियम मला फार पटला. रविवारी तेच पिशवीत घालून मी मनमाड गाठलं आणि पदर खोचला.

मोठं पातेलं वर्षभरात आईच्या चुलीवर चढलेलं मला आठवत नव्हतं. मी ते 'द्यायचं' म्हणून बाजूला काढलं. तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकू दारात.

"वैनी, पातेलं न्यायला आले. भाचीची हळद हाय उद्या." त्यांनी भांड्यांचा ढीग पाहिला. "अगं बाई, मोडीत काढता का काय?"

मी त्यांना पुस्तकातला नियम समजावून सांगितला. काकू हसत सुटल्या. "वर्षभर घरी राहिलंय कवा ते? लाईनीतल्या समद्या पोरींची लग्नं त्याच्यातच शिजली. तुझंच तेवढं राहिलंय बघ!"

त्या पातेलं घेऊन गेल्या. आई हसली नव्हती. परातीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या पुस्तकाला येवढं विचार. लेकीच्या दारात रिकाम्या हातानं गेलं, तर पाव्हणी म्हणून किती दिस काढायचे?"

मी जागेचा हिशेब करत होते आणि आईला भीती वाटत होती ती माझ्या स्वयंपाकघरात परकं होण्याची.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सुरुवातीलाच साधी गोष्ट सांगितली होती: आवरायला आधी आपलं कपाट घ्यावं, दुसऱ्याच्या सामानाला नंतर हात लावावा. त्या लेखकाचे मी आजही आभार मानते.

पुढच्या आठवड्यात मी माझं घर आवरायला काढलं. पगारातून हौसेनं जमवलेले स्टीलचे डबे ऑफिसातल्या एका नव्यानं बिऱ्हाड मांडणाऱ्या मैत्रिणीला दिले. फुलाफुलांचा कपबशांचा सेट घरमालकिणीकडे गेला. तो दोनदा पुसून पुन्हा फळीवर ठेवला, शेवटी दिला. ओट्यावरची सगळ्यात लांब फळी पुसून तिच्यावर नवा कागद अंथरला आणि आईला बघायला बोलावलं.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"तुझी. माझी भांडी खाली त्या कोपऱ्यात आहेत."

आईनं वितीनं फळी मापली. मग उंची मापली. "घंगाळ नाय बसायचं," ती म्हणाली. "परात उभी राहील."

मनमाडला जाऊन तिनं एका दुपारात सगळं निवडलं. कुठल्याही पुस्तकाला विचारलं नाही. देणारी माणसं हयात होती त्यांची भांडी घासूनपुसून त्यांच्या घरी पोचवली, नातवंडांच्या लग्नात द्या म्हणून. मोठं पातेलं शेवंताकाकूंच्या दारात ठेवलं. त्याच्यावर आईच्या मामाचं नाव होतं. "हितंच राहू दे," ती म्हणाली. "नाशकात कोण मागायला येणार त्याला? हितं मामाचं नाव फिरतं तरी राहील."

क्वार्टर सोडताना, या खेपेला आप्पांनी हमाल केला. परात मात्र आईनं नाशिकरोडपर्यंत मांडीवरच धरली.

लाईनीत मागे राहिलेल्यांनो, आम्ही तुम्हाला टाकून आलो नाही. निम्मं घर तुमच्याकडेच ठेवून आलो. आणि माझ्यासारखे जे शहरात आले आणि आईवडिलांना आणू पाहतात, त्यांना एवढंच सांगते: त्यांचं सामान कमी करायला जाऊ नका. आधी आपली फळी रिकामी करा.

घर कशाला म्हणायचं, हे मला आई-आप्पा राहायला आले त्याच आठवड्यात कळलं. ऑफिसातून आले, भूक लागली होती, आणि माझ्याच ओट्याशी उभी राहून मी शोधत होते.

"आई, वाटी कुठे ठेवलीस?"

"परातीच्या मागं," आई आतून म्हणाली. "आन् उद्यापासून विचारून घेत जा. पसारा करतीस."