पिनर ते साउथहॅम्प्टन, युसुफझाईंच्या शजऱ्यासह

प्रिय प्रज्ञा आणि निहार,

शाळेतल्या वंशवृक्षाच्या तक्त्यासाठी तुम्ही फोनवर विचारले होते, "आजी, तुझ्या आजीचं नाव काय?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. निवृत्त मुख्याध्यापिकेने असे करू नये. उत्तर देते आहे, पण ते साउथहॅम्प्टनमार्गे येणार आहे. धीर धरा.

गेल्या रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे तुमच्या सुनंदा-आजीच्या पिनरच्या घरून निघाले. हातात छत्री, पर्स, पराठ्यांचा डबा आणि प्लास्टिकची एक लांबलचक नळी होती. नळी मूळची गॅरेजच्या छपराचे पावसाचे पाणी उतरवण्याची. त्या दिवशी तिच्यात युसुफझाई नावाची पठाणांची एक सबंध जमात गुंडाळून ठेवलेली होती.

हे कसे झाले ते आधी सांगते.

सुनंदाच्या शेजारी खानसाहेब राहतात. जन्मभर हॅरोच्या रस्त्यांवर बस चालवली, आता गुलाब लावतात. त्यांच्या पत्नीला सगळे बीबीजी म्हणतात. नात पलवशा फार्मासिस्ट आहे. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, म्हणून तिची सगळी जबाबदारी आजोबांवर. पलवशाला साउथहॅम्प्टनच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरशी लग्न करायचे आहे. डॉक्टरलाही तिच्याशीच करायचे आहे. तोही युसुफझाई, म्हणजे काही अडचण नसावी. पण मुलाच्या आजोबांनी, हाजीसाहेबांनी, निरोप धाडला होता की मुलीचा शजरा (वंशवृक्ष) कागदावर पाहिल्याशिवाय बोलणे पुढे सरकणार नाही.

पलवशाने तो कॉम्प्युटरवर करून पाहिला. त्या प्रोग्रामला प्रत्येक माणसाला आई हवी होती. आईचे नाव दिले नाही तर तो तिथे लाल प्रश्नचिन्ह टाकी. छापून आलेला कागद गोवर उठल्यासारखा दिसत होता.

"असा कागद हाजीसाहेबांपुढे ठेवू?" खानसाहेब सुनंदाच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाले.

"डोन्ट वरी, खानसाहेब," सुनंदा म्हणाली. "आमची ताई रिटायर्ड हेडमिस्ट्रेस आहे. तिचं हँडरायटिंग बघाल तर प्रिंटर कौन्सिलच्या कचऱ्याच्या टिपला नेऊन टाकाल."

मला कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खानसाहेब दारात उभे होते, हातात ड्रॉइंगचा कागद घेऊन.

तीन दुपारी त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. ते उर्दू बोलतात, मी नागपुरी हिंदी. दोघांनाही वाटते की समोरच्याची भाषा थोडी सुधारायला हवी. त्यांनी सांगितलेली व्यवस्था मला फार आवडली, कारण ती व्यवस्थित आहे. सर्वांत वर युसुफ नावाचा पूर्वज. जमातीला त्याचे नाव, आणि 'झई' म्हणजे त्याची संतती. त्याच्या मुलांपैकी ईसा, मूसा, मली आणि अको यांच्यापासून मोठ्या शाखा निघाल्या. मलीची संतती ती मलीझई, ती बुनेर नावाच्या डोंगराळ मुलखात. खानसाहेब त्यांतले. अकोची ती अकोझई, स्वात नदीच्या खोऱ्यात. हाजीसाहेब त्यांतले. शाखेला पुन्हा फांद्या आणि त्यांच्याखाली 'खेल' (कुळ्या). शिकलेला असो वा नसो, प्रत्येक पुरुषाने निदान सात बापांची नावे न अडखळता सांगायची. खानसाहेबांनी सतरा सांगितली. मध्ये चहाही प्यायले.

जमात मूळची त्या मुलखातली नव्हे. कंदाहारकडून काबूलला आली, तिथे जोर वाढला, तेव्हा काबूलच्या राजाने त्यांच्या म्होरक्यांना मेजवानीला बोलावून कापून काढले, अशी कथा ते सांगतात. उरलेले लोक पेशावरच्या खोऱ्यात उतरले.

"तेव्हापासून तुम्ही मेजवानीला जाताना काळजी घेत असाल," मी म्हटले.

"तेव्हापासून आम्ही मेजवानी देतो, आपा," खानसाहेब म्हणाले.

तिसऱ्या दुपारी तक्ता पुरा झाला असे त्यांचे मत पडले. माझे पडले नाही. प्रत्येक पुरुषाच्या चौकटीशेजारी मी सवयीने एक रिकामी चौकट आखलेली होती, आणि अपुरा तक्ता मी नोकरीत कधी भिंतीवर लावू दिला नाही. खानसाहेब गुलाबांना पाणी घालायला गेले तेव्हा मी बीबीजींच्या स्वयंपाकघरात गेले. त्या कणीक मळत होत्या. मी विचारले आणि त्यांनी आवाज खाली करून अकरा नावे सांगितली. सासूचे, आजेसासूचे, तिच्याही सासूचे, माहेरच्यांची वेगळी. एकीच्या नावापाशी थांबून म्हणाल्या, "हिच्या हातची मक्याची भाकरी सगळ्या गावाला ठाऊक होती." मी अकराही नावे ठळक रोमन अक्षरांत लिहिली, वाळू दिली आणि कागद नळीत घातला. खानसाहेबांनी पाहायला मागितला नाही. मुख्याध्यापिकेचे काम तपासायचे नसते असे त्यांना वाटत असावे.

तर रविवारी आम्ही तिघे निघालो. पलवशाने यायचे नव्हते. ती दारात गाऊनवर उभी राहून म्हणाली (ती इंग्रजीत बोलते, मी तुमच्यासाठी मराठीत लिहिते), "आजी, मला मेसेज करत राहा. बाबाजी (आजोबा) काहीच सांगणार नाहीत. मी ड्यूटी बदलून घरी थांबलेय."

वॉटर्लूहून गाडी वेळेवर सुटली. डब्यातल्या एका इंग्रज गृहस्थाने नळीकडे पाहून विचारले, "मासेमारी?"

"वंशावळ," मी म्हटले. त्याने वर्तमानपत्र उघडले.

बीबीजींनी नळी मांडीवर आडवी घेतली आणि शेवटपर्यंत कोणाला धरू दिली नाही. खानसाहेब बेसिंगस्टोकपर्यंत जमिनीविषयी बोलले. त्यांच्या पूर्वजांत 'वेश' (जमिनीची फेरवाटणी) नावाची रीत होती. कोणाला चांगली जमीन, कोणाला खडकाळ, असा अन्याय नको म्हणून काही वर्षांनी सगळ्या कुळ्यांनी सोडत काढायची आणि जमिनींची अदलाबदल करायची. गावेच्या गावे बिऱ्हाड उचलून दुसऱ्याच्या गावात राहायला जात.

"घर सोडताना झाडून, सारवून देत असत का?" मी विचारले.

"घरं बरी बांधतच नसत, आपा. झाडंही लावत नसत. आंबा लावायचा आपण आणि खायचा चुलतभावाने?"

"आणि न्हावी, विणकर, चामड्याचं काम करणारे? ते कुठल्या कुळीत?"

"ते शजऱ्यात नसतात."

"गावात असतात?"

"असतात तर! त्यांच्याशिवाय गाव चालेल कसं?"

हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते, दुसऱ्या भाषेत. मी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर मेंढ्या होत्या. खानसाहेबही थोडा वेळ मेंढ्यांकडे पाहत राहिले.

विंचेस्टरला सगळ्यांना उतरवले. पुढे रुळांचे काम, म्हणून बस. बसचा ड्रायव्हर वाट चुकला. खानसाहेब दोन वळणे गप्प बसले, मग उठून त्याच्यामागे उभे राहिले आणि आम्ही अर्ध्या तासात साउथहॅम्प्टनला पोहोचलो. बंदरात एक प्रवासी जहाज उभे होते, आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या सगळ्या कचेऱ्या एकावर एक ठेवल्यासारखे.

हाजीसाहेबांचे घर लाल विटांचे, एका रांगेतले. समोरची खोली म्हणजे त्यांचा हुजरा (पुरुषांची बैठक). बायका मागच्या खोलीत. बीबीजींनी नळी माझ्या हातात दिली आणि त्या सरळ आत गेल्या. मला कुठे बसवायचे याचा पेच पडला.

"मास्तरणीबाई इथेच बसतील," हाजीसाहेब म्हणाले. मला दोन्ही खोल्यांमधल्या दारात खुर्ची मिळाली.

आधी जेवण. भात, मेंढीचे मटण, चपली कबाब. सगळे उत्तम, तिखट मात्र नागपूरच्या बालवाडीत चालेल इतपत. मग वेलची घातलेला हिरवा चहा आला, हाजीसाहेबांनी चष्मा पुसला आणि कागद गालिच्यावर उलगडण्यात आला. चारी कोपऱ्यांवर मुलाच्या दोन काकांनी साखरदाण्या आणि टीव्हीचा रिमोट ठेवला.

हाजीसाहेबांनी युसुफवर बोट ठेवले आणि खाली येऊ लागले. मली. त्याचा मुलगा. त्याचा मुलगा. प्रत्येक नावाला खानसाहेब मान हलवत. तक्त्याच्या खालच्या भागात बोट थांबले. शेजारच्या चौकटीवर गेले. मग तिच्या खालच्या. मग तिच्याही खालच्या.

खानसाहेबांनी वाकून पाहिले. त्यांचा चेहरा कपातल्या चहाच्या रंगाचा झाला. दोन्ही काका गालिच्याची नक्षी पाहू लागले. इतका वेळ पाहावी अशी ती नक्षी नव्हती.

"हे कोणी लिहिलं?" हाजीसाहेबांनी विचारले.

"मी."

"यांनी सांगितलं?"

"नाही. यांनी पुरुष सांगितले. बाकीचं मी पुरं केलं."

"का?"

"जागा रिकाम्या होत्या. आणि आईशिवाय कोणी खालच्या ओळीत आल्याचं मला माहीत नाही."

पर्समध्ये फोन थरथरला. पलवशा. मी तो थरथरू दिला. त्या क्षणी तिचे लग्न मोडले असेल तर ते माझ्या पट्टीपेन्सिलीने मोडले होते.

"आमच्यात घरातल्या बायकांची नावं चारचौघांत घेत नाहीत," हाजीसाहेब शांतपणे म्हणाले. "साठ वर्षांच्या संसारात मी हिच्या दादीला नावाने हाक मारलेली नाही."

"मग कशी मारता?"

"खोकतो."

मी मान डोलावली. माझ्या आईनेही माझ्या वडिलांचे नाव लग्नात एकदा घेतले, तेवढेच. नंतर ती बांगड्या वाजवत असे.

तेवढ्यात माझ्या पाठीमागचा पडदा हलला आणि डॉक्टरची बहीण, जीन्स घातलेली, बाहेर आली. "दादी म्हणतेय, कागद आत दे."

कोणी 'नाही' म्हणायच्या आत तिने रिमोट बाजूला केला आणि कागद घेऊन गेली. आतून ती एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. प्रत्येक नावानंतर बीबीजी काहीतरी सांगत आणि खोली हसे. एका नावानंतर कोणी हसले नाही. त्यानंतर मात्र बराच वेळ हसणे चालले. इकडे आम्ही पाच जण चहाकडे पाहत होतो. हाजीसाहेब एकदा खोकले. आतून उत्तर आले नाही.

मुलगी परत आली. "दादी म्हणतेय, मुलगी आपली. इतक्या बायकांची माहिती असलेलं घर तिने दुसरं पाहिलं नाही." मग तिने आजोबांकडे न बघता पुढचे सांगितले. "आणि आपलाही शजरा याच बाईंनी करायचा. आयांसकट. ती विचारतेय, तुमच्या आईपासून सुरुवात करायची का? कारण ते नाव तिलाही ठाऊक नाही. तिच्या लग्नाआधीच त्या गेल्या होत्या, आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

दोन्ही काका हाजीसाहेबांकडे पाहत होते. त्यांनाही आपल्या आजीचे नाव ठाऊक नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मी पर्समधून पेन्सिल काढली, कारण दुसरे काही सुचले नाही.

हाजीसाहेब गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्या खुर्चीपाशी आले, वाकले आणि माझ्या कानात एक शब्द बोलले.

छान नाव आहे. मी ते एका कागदावर लिहून, घडी करून, पडद्याआड दिले. इथे लिहीत नाही, कारण त्यांनी ते कानात सांगितले.

"मिठाई आणा," हाजीसाहेब जागेवर बसून म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. फार वेळ पुसला.

मी पलवशाला मेसेज केला: "लग्न ठरले आहे. जेवण झाले आहे. काळजी नसावी." तिने सतरा चित्रे पाठवली. त्यांतली बरीच रडकी होती.

परतीच्या गाडीत खानसाहेबांनी जमिनीचा विषय काढला नाही. बीबीजी खिडकीशी बसून हसत होत्या.

"हे असं होणार, तुम्हाला ठाऊक होतं," मी त्यांना म्हटले.

"काय, आपा? मी तर कणीक मळत होते."

बेसिंगस्टोकला खानसाहेबांनी तोंड उघडले. "आपा, तुम्ही आमच्या अकरा जणी लिहिल्यात. तुमच्या आजीचं नाव काय?"

तुमचाच प्रश्न. मी त्यांना खरे सांगितले. आमचा शजरा तिसऱ्या पिढीत संपतो. आडनावही शाळामास्तरांनी गावावरून लावलेले. त्याआधी आमची नावे कोणी कुठल्या वहीत घेत नव्हते. आजोबांचे नाव वडिलांच्या दाखल्यावर आहे. आजीचे कुठेच नाही. तिला सगळे माझ्या वडिलांच्या नावावरून 'तुळशीरामची माय' म्हणत. मी तिच्या मांडीवर बसून वाचायला शिकले आणि तिला सगळ्या धड्यांतल्या माणसांची नावे वाचून दाखवली. तिचे विचारले नाही.

खानसाहेबांनी माझा पराठ्यांचा डबा उघडून माझ्यापुढे धरला.

घरी आल्यावर मी सुनंदाला विचारले. तिने हातातले भांडे खाली ठेवले. "ताई, तुला माहीत असेल असं मला वाटायचं."

तेव्हा तुमच्या तक्त्यात माझ्या आजीची चौकट काढा. पट्टीने काढा, बाकीच्यांच्या इतकीच मोठी. आत काही लिहू नका, प्रश्नचिन्हसुद्धा नको. बाईंनी विचारले तर सांगा, नाव होते, आम्ही विचारायला उशीर केला.

आजवर तुम्हाला लिहिलेल्या सगळ्या पत्रांखाली मी नुसते 'आजी' लिहीत आले. ती सवय आजपासून बंद.

तुमची आजी,
कौसल्या