कंसातला हशा

"प्रश्न घरगुती आहे. घरी विचारावा."

एवढंच म्हणून अध्यक्षांनी चिठ्ठीची घडी केली आणि बाजूला ठेवली. सभागृह हसलं. चिठ्ठी माझी होती.

नारायण पेठेतलं हे तत्त्वज्ञानाचं अभ्यासमंडळ. दर शनिवारी व्याख्यान. प्रश्न तोंडी विचारायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा, खाली पूर्ण नाव. अध्यक्ष चिठ्ठी खालून वर वाचतात. आधी आडनाव, मग प्रश्न. चार वर्षं मी हे बघत होते, कारण रेकॉर्डर सांभाळायला मी त्यांच्या टेबलाशीच बसायचे. व्याख्यान ऐकून टाइप करायचं, ही माझी नोकरी.

या व्याख्यानांची पुस्तकं निघतात आणि पुस्तकांतल्या वाक्यांना पाय फुटतात. "ही विषमता नाही, ही व्यवस्था आहे," हे मीच टाइप केलेलं वाक्य. ते प्रवचनात ऐकलं, टीव्हीवरच्या भांडणात ऐकलं. मी राहते त्या वाघोलीत एका उमेदवाराने ते माइकवरून ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. मला माझ्या बोटांची किळस आली.

त्या शनिवारी विषय होता कर्म. वक्ते म्हणाले, जन्म हे पूर्वकर्माचं फळ, त्यात दोष कुणाचाच नाही. मी चिठ्ठीवर लिहिलं: "माझ्या आईला गावच्या देवळाच्या पायरीवरून हाकललं. हाकलणाऱ्यांचाही दोष नाही का?"

घरगुती म्हणे!

संध्याकाळी वाशीमहून आईचा फोन. "आवाज असा काहून येऊन राह्यला वं तुहा?"

सर्दी झाली म्हटलं. या शहरात दुसरं कुणी विचारणारं नव्हतं, आणि जी विचारत होती तिला सांगवेना.

सोमवारी मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "अहो, शेवटच्या प्रश्नाचं तेवढं उरकून टाका. 'एका श्रोत्याने विषयांतर केले', एवढं पुरे."

हेडफोन लावले. अध्यक्षांचा आवाज. मग हशा. त्यात एक हसणं रेकॉर्डरच्या अगदी जवळचं. बाईचं. तीनदा मागे नेऊन ऐकलं. माझंच होतं. माझ्या आईबद्दलचा प्रश्न न ऐकताच सगळे हसले, आणि आपण वेगळं दिसू नये म्हणून मीही हसले होते. लाजेने अंग भाजून निघालं.

मी प्रश्न पूर्ण टाइप केला. खाली माझं नाव, आडनावासकट. मग आमच्या पद्धतीप्रमाणे कंसात लिहिलं: हशा. त्यात मीही.

कार्यवाहांनी वाचलं. "हे काढा."

"नाही काढणार."

"मग आपण उद्यापासून येऊ नये."

शेजारच्या टेबलावरच्या दोघी, ज्यांच्याबरोबर मी चार वर्षं डबा खाल्ला, स्क्रीनकडे बघत राहिल्या. मी माझा डबा उचलून जिना उतरले.

येत्या शनिवारी जाणार आहे. शेजारची खुर्ची रिकामी राहील, माहीत आहे. चिठ्ठी देणार नाही. उभी राहून, आधी आडनाव सांगून, तोच प्रश्न मोठ्याने विचारणार. हसू देत. या वेळी त्या हशात माझा आवाज नसेल.