हवेच्या पाइपातली चिंधी

आमचा ट्रॅक्टर मी बंद पाडला होता. एका मिस्त्रीखेरीज हे आजवर कोणालाही ठाऊक नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना आता ते कळणार नाही.

बाबा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. भंडाऱ्याकडून नोकरीपायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. रिटायर झाल्यावर त्यांनी नवा रायपूरच्या बाजूला थोडी धानाची जमीन घेतली, तिथेच दोन खोल्या बांधल्या आणि कुठूनसा एक जुनापुराणा ट्रॅक्टर आणला. आई गेल्यावर मी शंकर नगरची खोली सोडून त्यांच्याकडे राहायला आले. रोज स्कूटीवर धूळ खात ऑफिस गाठायचं म्हणजे जिवावर यायचं, पण त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांना विसर पडू लागला होता. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग आपण जेवलो की नाही तेही. हात तेवढे शाबूत होते. पाना हातात दिला की ते पूर्वीचे बाबा व्हायचे, आणि मला हायसं वाटायचं.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. तेलीबांध्याच्या तलावाजवळ भर रस्त्यात एक म्हातारे गृहस्थ ट्रॅक्टर उभा करून बसले होते. मागे गाड्यांची ही रांग. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाले, शेडवर ड्यूटी आहे. मी धावत गेले, त्यांना उतरवलं, ट्रॅक्टरसकट घरी आणलं आणि चावी लपवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, लावून ट्रॅक्टर सुरू केला. चावी नसली म्हणून अडून बसणारा माणूसच नव्हे तो. मी खूप ओरडले. माझा स्वभाव मुळातच तापट. ते ऐकून घ्यायचे आणि सकाळी पुन्हा पेचकस शोधायचे.

शेवटी मी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. तो बाबांना चांगला ओळखत होता. ट्रॅक्टर सुरूच होऊ नये असं काहीतरी करून दे, म्हटलं.

“डीजल बंद करेंगे तो बाबूजी पाँच मिनट में पकड़ लेंगे, दीदी. हवा बंद कर दो.”

हवा मिळाली नाही की डिझेल पेटत नाही, मला ते लगेच पटलं. शेडमध्ये कामं वाटलेली असत. बाबा सगळी नोकरी डिझेलच्या सेक्शनला होते. हवेचं काम दुसऱ्या गँगचं, आणि दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. घरच्या ट्रॅक्टरचा एअर फिल्टरही दरवर्षी हाच मिस्त्री धुऊन द्यायचा. बाबा तिकडे ढुंकून पाहत नसत. बाबा दुपारी झोपले असताना मी बोनेटवर चढले, हवेच्या पाइपाची टोपी काढली आणि आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी आत घट्ट कोंबून टोपी परत बसवली, आणि चावीही जागेवर ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी एकच प्रकार सुरू झाला. बाबा टाकीत काडी घालून डिझेल बघायचे. कॉक उघडायचे. डिझेलचा फिल्टर पुसायचे. पंपावरचा स्क्रू सैल करून नळीतले बुडबुडे जाऊ द्यायचे, स्वच्छ धार आली की तो आवळायचे, आणि मला हाक मारायचे, सेल मार म्हणून. मी बटण दाबायची. इंजिन घरघरायचं, पण पेट घ्यायचं नाही.

“डिझेल तं येऊन राह्यलं,” ते म्हणायचे. “मंग पेटून काहून नाही राह्यलं?”

हा अगदी खऱ्या फिटरचा प्रश्न होता. तिथून ते एकच पाऊल पुढे, हवेपर्यंत, गेले असते तर माझी चोरी पकडली गेली असती. पहिले काही दिवस मी लक्ष ठेवून होते. ते पाऊल त्यांनी टाकलं नाही. पुन्हा टाकीपासून सुरुवात करायचे. मी स्वतःला समजावलं, बरंय, दिवस जातोय, रस्त्यावर तर जात नाहीत.

मग हरेली आली, इथला शेतकऱ्यांचा सण. इथे त्या दिवशी नांगर, कुदळी, ट्रॅक्टर सगळं धुऊन पुजतात. आम्ही बौद्ध, पूजा करत नाही. पण धुण्याला कसली हरकत, असं म्हणत बाबा दरवर्षी आमचा ट्रॅक्टर धुऊन पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, इतर ट्रॅक्टरांबरोबर एक चक्कर मारून आणत. यंदाही त्यांनी तो धुतला. रांगेतले सगळे ट्रॅक्टर सुरू झाले. आमचा झाला नाही. बाबांनी सर्वांसमोर तीनदा स्क्रू उघडला, तीनदा आवळला. शेजारी भला माणूस, दोर बांधून ओढून नेतो म्हणाला. बाबांनी नको म्हणून हात हलवला आणि ते घरात आले.

दुपारी ते पडवीत बसले होते. तळहात उघडे धरून त्यांच्याकडे बघत होते. मी जेवायला चला म्हटलं.

“माय,” ते म्हणाले, “आता हात बी विसरले माझे.”

मी आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. त्यांचं जे एवढंसं उरलं होतं, तेच मी काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तशी मी चिंधी काढून टाकली. त्यांना बळेच हाताला धरून नेलं. ते पान्याला हात लावेनात, म्हणून मीच बटण दाबलं. ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगणार होते. तोंडातून निघालं, हवेच्या पाइपात कचरा अडकला होता.

“जिंदगीभर डिझेल पाह्यलं, हवा नाही पाह्यली,” ते म्हणाले. “तुनं काढलं. आता तूच पाहत जा.”

त्यांनी पान्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी ट्रॅक्टरला हात लावला नाही. मला हवं होतं तेच झालं. त्या दिवशी ते दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगत होते, बिघाड पोट्टीनं काढला.

याला आता वर्ष झालं. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना आठवत नाही. बिघाड कोणीतरी काढला होता, एवढं राहिलं आहे. मला ते मिस्त्रीजी म्हणतात, आल्यावर खुर्ची पुढे करतात, अहोजाहो करतात. परवा चहा देताना त्यांनी मला थांबवलं.

“मिस्त्रीजी, आमची एक पोट्टी हाये. ऑफिसात जाते. तिले बी थोडं शिकवून द्या ना. माह्याच्यानं राहून गेलं.”

मी हो म्हणाले, शिकवीन. मग ते निवांतपणे चहा प्यायले.