आधी कंदील, मग जावई

सकाळी सव्वासात. पिंपरी स्टेशनबाहेरचं चहाचं दुकान. बाकावर तिघं: पुण्याहून बातमीसाठी येणारा मी, कारखान्याच्या बांधकामावरचे सुपरवायझर देशपांडे आणि गावचे शेतकरी तात्या. या बाकावरचं काही छापून येत नाही, म्हणून किस्से साचत जातात. आमच्या संपादकांच्या लेखी तात्यांचं सगळं बोलणं म्हणजे अडाणीपणा. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

*

अंगणात कावळा ओरडला, की तात्यांकडे पाहुणा येणारच. एकदा असाच ओरडला आणि त्यांच्या घरच्या काकूंनी पुरण शिजत टाकलं. आला तो कारखान्यासाठी जमीन मोजणारा माणूस, साखळी घेऊन.

"पावना आला का न्हाई?" तात्या म्हणाले.

"आला की. जेवला बी, आन् रान बी मोजून गेला," काकू म्हणाल्या.

*

तात्यांकडे पावसाचीही एक म्हण होती; तिच्या हिशोबानं त्या दिवशी पाऊस नव्हता. तिच्या भरवशावर देशपांड्यांनी सिमेंटच्या गोण्या उघड्यावर ठेवल्या. दुपारी पाऊस आला. गोण्यांचे धोंडे झाले.

"तात्या, तुमच्या म्हणीनं मला बुडवलं."

"म्हन माझ्या आज्याची, राव. आज्याकडं कुठं सिमेट हुतं?"

*

मग ती विहीर. कारखान्याच्या आवारातली जुनी विहीर कुणीतरी फळ्या टाकून, वर माती लोटून बंद केली होती. आता कारखान्याच्या साहेबांना तिचं पाणी हवं झालं. गाळ काढायला उतरणार होता तात्यांचा जावई शंकर. दिवस तात्यांनीच काढून दिलेला. फळ्या निघाल्या, शंकरच्या कमरेला दोर बांधला गेला, आणि तात्यांनी त्याला मागे ओढलं.

"आधी कंदील."

देशपांडे चिडले. "अहो, दिवस चांगला आहे म्हणालात ना?"

"दिवस चांगला हाय म्हनलं. हीर चांगली हाय आसं कुठं म्हनलं?"

दोराला बांधलेला कंदील थोडा खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला. शंकरनं कमरेचा दोर सोडला.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवतंय कोन? माझा चुलता तसाच उतरला, वर आलाच न्हाई. तवापास्नं आमच्यात कंदील आधी जातो."

दुपारपर्यंत आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं, दोराला लिंबाचे डहाळे बांधून आतली कोंडलेली विषारी हवा घुसळली. कंदील तळाशी जळत राहिला, तेव्हाच शंकर उतरला. चिखलानं माखून वर आला आणि म्हणाला, "च्या सांगा की कुनीतरी." देशपांडे इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

फळ्या टाकायचा हुकूम कुणाचा, हे मी कंत्राटदाराला विचारलं, कचेरीत विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्याच आवारात, तशाच फळ्यांखाली, आणखी दोन विहिरी आहेत.