मास्तरचा पसा

माझ्या भावाच्या घरची भाकरी कधी एका रंगाची नसायची. ज्वारीची म्हणावी तर तीत बाजरीची राखाडी झाक असायची, बाजरीची म्हणावी तर गव्हामुळे आलेला चिवटपणा. त्याचं लग्न झाल्यावर पहिल्यांदा सुट्टीत त्याच्याकडे गेले तेव्हा मी पहिल्याच घासाला थबकले. वहिनी हसली. म्हणाली, "वन्सं, ही मंडळीची भाकरी हाय. हितं सगळ्यांचं शेत एका ताटात येतं."

मंडळी म्हणजे नेकनूरपासून चौसाळ्याकडे जाताना आडरस्त्याला लागणाऱ्या वस्त्यांवरची आमची ख्रिस्ती घरं. भाऊ त्यांचा प्रचारक. लोक त्याला मास्तर म्हणायचे. पूर्वी प्रचारकच गावात मुलांना शिकवायचा, तेव्हापासून चिकटलेला हा शब्द. त्याचं घर चालायचं ते पशावर. बाई दळण निवडायला बसली की गिरणीचा डबा भरायच्या आधी ती एक पसा धान्य बाजूला काढते. घरात जे असेल ते. ज्वारी, बाजरी, गहू. प्रार्थनाघराला लागून एका म्हाताऱ्या मावशीचं घर आहे, तिथल्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या जणी आपापला पसा ओततात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो डबा उपासनेत पुढे ठेवायचा, त्यावर प्रार्थना करायची आणि मग तो मास्तरच्या घरी पोचवायचा. प्रार्थना झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही आणि मास्तरचं घर सोडून दुसऱ्या कुणी तो खायचा नाही.

त्याला जोडून एक अट आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण मोडलेलीही मी पाहिली नाही. ज्या घरचा पसा खाल्ला, त्या घरी मास्तरने महिन्याभरात गेलंच पाहिजे. घरात आजारी माणूस असो, भांडण असो नाहीतर काहीच नसो. जायचं, बसायचं, शास्त्र म्हणजे बायबल वाचायचं, प्रार्थना करायची. ऊन आहे म्हणून चालत नाही, गाडी पंक्चर आहे म्हणून चालत नाही.

मी बीडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिथे एक सहकारी मला चहाच्या वेळी हमखास विचारायचे, "काय बाई, तुमच्या बंधूंना यंदा डॉलर किती आले?" सगळे हसायचे. त्यांच्या मनातला मिशनरी म्हणजे बोटीतून उतरलेला गोरा साहेब. माझा भाऊ नेकनूरच्या बाजाराला जाऊन दरासाठी घासाघीस करणारा माणूस होता. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत तो कुणाकडे सभा ठेवत नसे. कुठल्या घरात सासू-सुना बोलत नाहीत हे त्याला माहीत असे, म्हणून तिथे तो दोघींकडून वेगवेगळं पाणी मागून प्यायचा. परदेशातून त्याला कधी काही आलं नाही. आलं असतं तर त्याने घेतलं असतं का, ते मला सांगता येणार नाही; तो संत नव्हता. पण आलं नाही. मी त्या सहकाऱ्यांना एकदाच उत्तर दिलं. म्हटलं, "त्याला बायका पोसतात सर, दळण निवडताना." ते गोंधळून बघत राहिले आणि मी माझा कप धुवायला गेले.

तो यंदाच्या उन्हाळ्यात गेला. अंगणात टाकीतून पाणी काढताना खाली बसला तो उठलाच नाही. वहिनी धावत बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा त्याला पांढरा सदरा घातलेला होता आणि बाहेर इतकी माणसं होती की मला माझ्याच भावाच्या दारात वाट मागावी लागली. मेंढरं राखणारे दोन म्हातारे, जे आमच्या मंडळीतले नव्हतेच, ते खांदा द्यायला पुढे उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

माती देऊन परत आल्यावर ओट्यावर बसून माणसांनी ठरवायला सुरुवात केली. अशा वेळी माणसांना ठरवायची फार घाई असते. मंडळीचे एक पंच आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळे त्यांना काका म्हणतात. काका म्हणाले, वहिनीने तिच्या भावांबरोबर माहेरी वडवणीला जावं. प्रार्थनाघराला कुलूप लावावं. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी बीडला उपासनेला जावं. बीडच्या चर्चचे पाळकसाहेब वरती कळवतील आणि नवा माणूस आला की पुन्हा बघू.

नवा माणूस येणार नव्हता. हे काकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, ओट्याखाली चपलांजवळ बसलेल्या बायकांनाही ठाऊक होतं. पलीकडच्या भागातला प्रचारक म्हातारा होऊन थांबला, तिथे आजतागायत कुणी आलेलं नाही. बीडला जायला बसभाडं लागतं, दिवस मोडतो. वस्तीवरची घरं हळूहळू एकटी पडली असती आणि माझ्या भावाने केलेल्या सगळ्या पायपिटीवर गवत उगवलं असतं. वहिनीचे भाऊ मान डोलवत होते. ते चांगले आहेत, बहिणीला त्यांनी जपलंच असतं. वहिनी आत भिंतीला टेकून बसली होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं.

मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे जेवण आणतात. आम्ही ख्रिस्ती झालो तरी ही रीत सुटलेली नाही. त्या संध्याकाळी मावशीकडून भाकरी आणि पिठलं आलं. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण तिने कुणाचं ऐकलं नाही, मास्तरच्या घरचा घास माझाच म्हणाली.

वहिनीने दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी तिच्यापुढे ताट सरकवलं. तिने घास मोडला, चावला, गिळला. दुसरा घेतला. मग तिने भाकरी दिव्याखाली धरली, उलटी करून पाहिली आणि दारात बसलेल्या मावशीला विचारलं, "मावशे, पीठ कुठलं?"

"कावून गं? कचकच लागती का?"

"पीठ कुठलं म्हणते मी."

"माझ्या डब्यातलं. सकाळीच दळण दिलं की गिरणीत."

"कोणच्या डब्यातलं?"

मावशी उजवा-डावा हात करून डबे आठवू लागली. तिच्या घरात दोन डबे शेजारी शेजारी होते, एक तिचा आणि एक पशाचा. घाईत आणि त्या डोळ्यांनी तिने पशाचा डबा भरून दळणाला पाठवला होता. गिरणीचे अण्णा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गिरणीत बसतात. मिसळलेलं धान्य दिसलं की ते मास्तरचं, हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं. जात्यात मिसळ होते म्हणून ते मास्तरचं दळण नेहमी शेवटी घ्यायचे आणि कुरकुरायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी ते सगळ्यांच्या आधी दळलं आणि काही विचारलं नाही. मास्तरच्या घरी मयत झाली, मास्तरचं दळण आलं. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही.

मावशीने तोंडावर पदर घेतला. "प्रार्थना व्हायची ऱ्हायली होती गं त्याच्यावर! माझ्या हातानं काय झालं हे."

ओट्यावरचे आत डोकावले. काका म्हणाले, "असू दे, असू दे. चुकून झालं. देव काय एवढ्यानं रागावत न्हाई. तेवढं धान्य पुन्हा भरून काढू."

"भरून कावून काढायचं?" वहिनी म्हणाली. दिवसभरात तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा आला. "पसा मास्तरच्या घरात आला. मास्तरच्या घरानं खाल्ला. बरोबरच झालं की."

"आता मास्तर कुठं हाय, पोरी?"

"घर हाय न्हवं? मी खाल्ला. आता मला फिरावं लागंल."

सगळ्यांना क्षणभर समजलं नाही. मला समजलं: पसा खाल्ला की घरोघर जायचं, ती मास्तरची अट तिने स्वतःवर घेतली होती.

काका उंबरठ्यापर्यंत आले. "असं कसं बोलतीस? चुकीनं खाल्लेलं कुठं धरत असत्यात का?"

"चुकीनं खाल्ला म्हणून आता काय ओकून देऊ?"

बायकांतून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. मयतीच्या घरात हसलं म्हणून काकांनी तिकडे डोळे वटारले, पण तोवर उशीर झाला होता. मावशी पदराआडून हसत होती की रडत होती, ते सांगणं कठीण होतं.

काकांनी मग सगळी कारणं मांडली. बाईमाणूस. एकटी. गाडी चालवता येत नाही. वस्तीवर पोरं अडवतात, विचारतात, कुणाच्या पैशानं फिरता, काय वाटता. मास्तरला सुद्धा एकदा अडवलं होतं. वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्येंला अडवलं तवा मी मागं बसले होते की गाडीवर. त्येंनी पिशवी उघडून दावली, एक शास्त्र अन् भाकरीचं फडकं. त्या पोरांतल्या एकाची आजी आजारी होती, तिला बघून मगच आमी घरी आलो. तुमाला हे त्येंनी सांगितलं नसंल."

"आन् पगार? पाळकसाब तुला पगार कुठून देतील?"

"त्येंला कोण देत होतं?"

काकांनी वहिनीच्या भावांकडे पाहिलं. माझ्याकडे बोलण्यासारखं फार नव्हतं. मी मोठ्याने बोलणाऱ्यांपैकी नाही. पण वहिनीच्या थोरल्या भावाने माझ्याकडे आशेने पाहिलं, शिकलेली आहे, समजावेल, अशा नजरेने. मी म्हटलं, "तिची बॅग भरू नका. तिला इथे काम आहे." एवढंच बोलले आणि ताटातली उरलेली भाकरी मी तिच्याकडे पुन्हा सरकवली. ती तिने सगळी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात बीडचे पाळकसाहेब सांत्वनाला आले. सज्जन गृहस्थ. त्यांनी वहिनीच्या निष्ठेचं कौतुक केलं आणि म्हणाले की अशी नेमणूक करायची पद्धत नाही, तरी ते वरती विचारून बघतील. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "दुःख ताजं आहे. थोडे दिवस जाऊ द्या, त्या स्वतःच शांत होतील."

मी म्हटलं, "साहेब, ती शांतच आहे. तुम्ही विचारून बघा. तोवर ती जातेय."

त्यांना ते उर्मट वाटलं असेल. वाटू दे. माझ्या भावाबद्दल लोक माझ्याशी भूतकाळात बोलत होते ते मी सोसलं. तो गेला होता, त्याच्यासाठी दुसरा काळ मीही वापरू शकत नव्हते. पण त्याच्या कामाबद्दल कुणी तसं बोललं की मी आता गप्प बसत नाही. कॉलेजातल्या त्या सहकाऱ्यांनी सांत्वनाला म्हणून म्हटलं, चला, बंधूंनी आयुष्यभर केलं, आता ते सगळं संपलं. मी म्हटलं, संपलं नाही, वहिनी करते. त्यांनी डॉलरचं काही विचारलं नाही.

महिना पुरा व्हायच्या आत सगळ्या घरी जाऊन व्हायला हवं होतं. वहिनीने पहिलं घर काकांचं निवडलं. मी सुट्टी टाकून तिच्यासोबत गेले. वाटेत विचारलं, त्यांच्यापासून कशाला सुरुवात? म्हणाली, "काकीनं पसा टाकलाय डब्यात. मला दावलं तिनं, लई मोठा होता."

काका बाजेवर पाय लांब करून बसले होते. गुडघ्याला पट्टा. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. "या," म्हणाले, आणि छताकडे पाहू लागले. काकी आतून लगबगीने आली, डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "टोपी काढा. मास्तरीण आलीय."

"दिसतीय मला."

"मग काढा की."

त्यांनी काढली. वहिनी खाली सतरंजीवर बसली. भावाचं शास्त्र तिने उघडलं. तिला वाचन सावकाश येतं, एकेक शब्द बोटाखाली धरून. कुठे अडली तर मी सांगेन म्हणून मी पुढे वाकले होते, पण तिने मला हाताने मागे केलं आणि शब्द स्वतःच फोडला. मग डोळे मिटून प्रार्थनेला लागली. काकांच्या गुडघ्यासाठी, त्यांच्या साखरेसाठी, पुण्याला गेलेल्या आणि फोन न करणाऱ्या मुलासाठी, आणि शेवटी काकांच्या हट्टासाठी, तो देवाने कमी करावा म्हणून. काकीने तिथे जोरात आमेन म्हटलं.

काकांनी डोळे उघडले. "लई लांब केलीस. मास्तर आटपशीर करायचे."

"त्येंला पुढं धा घरं असायची. मला आज तुमचंच हाय."

काका टोपी हातात फिरवत राहिले. मग पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाले, "चौसाळ्याच्या अलीकडं जी वस्ती हाय, तिथं एकटी जाऊ नको. तिथं बस थांबत न्हाई. कंडक्टरला माझं नाव सांगायचं, मग थांबवतो." आणि आत वळून ओरडले, "च्या टाकला का न्हाई अजून?"

पाळकसाहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा आम्ही त्या वस्तीवर जाणार आहोत. बस थांबली नाही तर पुढच्या फाट्यावर उतरून मागे चालत येऊ.