एमएच-वीसची गाडी

श्रीमंत वस्तीबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे आपल्याकडं जरा अपराधच. उंच भिंती, भुंकणारे कुत्रे, माणुसकी औषधालाही नाही, असं काहीतरी लिहिलं की वाचणारा समाधानानं मान डोलावतो. मला तसं लिहिता येणार नाही. अलिबागजवळच्या किनाऱ्यावर, जिथल्या एका बंगल्याच्या किमतीत संभाजीनगरातली आमची अख्खी गल्ली विकत घेता येईल, अशा वस्तीत मी गेली काही वर्षं राहते आहे, आणि मला ती मनापासून आवडते.

आम्ही काही त्या पंगतीतले नव्हे. नवऱ्याची वाळूजच्या कारखान्यातून इकडं बदली झाली आणि कंपनीनं भाड्यानं घेतलेला बंगला आमच्या वाट्याला आला. पहिल्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा आमची प्लास्टिकची पिंपं, बादल्या आणि हंडे उतरवताना मला लाजल्यासारखं झालं होतं. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ फाटकाशी आले, पिंपांकडं बघितलं आणि म्हणाले, "हे फार बरं केलंत, आमच्याकडं एकही नाही." थट्टा असेल म्हणून मी चेहरा निरखला, तर माणूस खरंच कौतुकानं बघत होता.

या वस्तीत एक पद्धत आहे. कुणीही कंपाउंडची भिंत कमरेच्या वर नेत नाही. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात सगळे. समुद्राचा वारा पुढच्या घरापासून मागच्या घरापर्यंत जायला हवा, तो आपल्या भिंतीनं अडवायचा नाही, इतकं साधं कारण. जांभ्या दगडाच्या त्या बुटक्या भिंती, त्यांवरून सांडलेली बोगनवेल, टोकाला सुरूची झाडं आणि त्यांच्या पलीकडं पाणी. मे महिन्यात मात्र हा रस्ता ओळखू येत नाही. टेम्पो, बस, गाड्या, टायरच्या ट्यूब गळ्यात घातलेली पोरं, भेळवाले, उंटवाले, आणि बोगनवेलीवर वाळत घातलेल्या परक्या लोकांच्या ओल्या पँटी. वस्तीतले लोक कुरकुरतात, नाही असं नाही. पण संध्याकाळी गर्दी पांगली की त्याच घरांतले लोक पोती घेऊन किनाऱ्यावर उतरतात आणि चिप्सच्या पिशव्या वेचतात. कानात हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या बाईला वाळूतून नारळाची झावळी ओढत नेताना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्या कुड्या परत एकदा नीट बघून घेतल्या.

आई इकडं आली ती नाइलाजानं. वडील गेल्यावर ती संभाजीनगरात सिडकोतल्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. आलं तरी वर चढत नाही, म्हणून खालच्या नळावर भरायचं आणि जिन्यानं वर न्यायचं. असंच एकदा, दसऱ्याच्या आधी, भरलेल्या बादलीसकट ती जिन्यात घसरली आणि मनगट मोडलं. शेजारणीनं फोन केला, मी गाडी करून गेले आणि तिला घेऊन आले. प्लास्टर निघेपर्यंत राहीन, असं ती म्हणाली. प्लास्टर निघालं. मग म्हणाली, "मे लागला की मी चाल्ले. तवर ऱ्हाते." मी व्हय म्हटलं, पण मनातून मला तिला परत पाठवायचंच नव्हतं. पुढच्या वेळी मनगटावर भागलं नसतं, आणि हे तिलाही कळत होतं. कळत असूनही ऐकणार नाही ती माझी आई.

समुद्राबद्दल तिचं मत पहिल्याच दिवशी ठरलं. गच्चीवरून तिनं एकदा लांबवर नजर टाकली आणि म्हणाली, "लई पाणी हाये. पन कामाचं नाय." पिता येत नाही, शेताला देता येत नाही, कपडे धुता येत नाहीत, मग एवढं घेऊन करायचं काय? तिचं माहेर बिडकीनचं, पाण्याला तिच्या लेखी काम असतं. वाळूवर पाऊलसुद्धा न टाकता ती गच्चीवरून खाली आली आणि चोवीस तास पाणी असलेल्या आमच्या नळाखाली घरातली सगळी भांडी भरून ठेवली. संध्याकाळी मी पातेलं शोधायला गेले तर चहालाही रिकामं भांडं नव्हतं.

शेजारच्या बंगल्यात एक बाई एकट्या राहतात. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, मुंबईत मोठा व्यवसाय केलेला. रोज पहाटे लाल रबरी टोपी घालून त्या समुद्रात पोहायला जातात. आईनं त्यांना पोहण्याच्या कपड्यांत फाटकातून जाताना बघितलं आणि दिवसभर "या वयात? अन् अशा कापडात?" हेच पालुपद चालू ठेवलं. पण तिला त्याहून खुपत होतं ते त्यांचं हिरवळीवरचं कारंजं. ते भर दुपारी फिरायचं. चौथ्या का पाचव्या दिवशी आईचा धीर सुटला. पदर खोचून ती बुटक्या भिंतीशी गेली आणि आपल्या खास औरंगाबादी हिंदीत सुरू झाली, "बाई, भर दुपेरकू पानी कायकू देते? आधा तो उडके जाता ना! श्यामकू देव."

मी आतल्या आत मेले. बाईंनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आपल्या हिरवळीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "आप बिलकुल सही बोल रही हैं." त्या दिवसापासून कारंजं दिवेलागणीला फिरू लागलं. नुसतं ऐकून घेतलं नाही तर बदललं, हे आईला फार लागलं, चांगल्या अर्थानं. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "टोपीवाली बाई मानूस हाये."

मे लागला आणि आई भिंतीवर जाऊन बसू लागली. आमच्या वस्तीत भिंतीवर कुणी बसत नाही. आई मात्र सकाळी नाश्ता झाला की पाय खाली सोडून बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट वाचायची. एमएच-वीस, म्हणजे आमच्या संभाजीनगरची, दिसली की हात आडवा. गाडी थांबायची. "कुन्या गावचे?" कुणी पैठणगेटचे निघायचे, कुणी अजिंठ्याकडचे. एकवीस म्हणजे जालना, तेवीस म्हणजे बीड, तेही चालायचे. मग त्यांना माठातलं पाणी, वर चहा, आणि आंघोळीहून परत आले की खारट पाय धुवायला प्रत्येकी एक तांब्या. दुसरा तांब्या मागितला तर, "तुमच्याकडं कवा आलं होतं पानी?" एवढं विचारायची, की मागणारा हसून गप्प बसायचा.

आता तक्रार येणार, म्हणून मी धास्तावले होते. आला तो एक बाक. समोरच्या गृहस्थांनी आपल्या अंगणातला लाकडी बाक माणसं लावून आणवला आणि आमच्या फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली ठेवला. भिंतीवर बसून तुमच्या आईचे गुडघे दुखत असतील, म्हणाले. अशा माणसांबद्दल वाईट कसं लिहायचं, तुम्हीच सांगा.

मला वाटायचं, आईला आपली माणसं बघून बरं वाटतं. किती भाबडी मी! एक दिवस चहा घेऊन बाकाशी गेले तर ती एका गाडीवाल्याला विचारत होती, "जातानी जागा हाये का एका मानसाची?" ती परत जायला गाडी शोधत होती. पहिल्या दिवसापासून. लोकांच्या गाड्या सगळ्या भरलेल्या, म्हणून इतके दिवस ती माझ्याकडं होती.

आणि मग जागा असलेली गाडी आली. वेरूळजवळच्या गावचं कुटुंब होतं, नवरा-बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची म्हातारी आई. बहिणीला मुंबईला सोडून ते इकडं आले होते, तिची जागा रिकामी होती. म्हातारीचा मुलगा भला होता. "चला की मावशी, दारात सोडतो," म्हणाला. संध्याकाळी निघायचं ठरलं. आई आत आली आणि पिशवी भरू लागली.

मी दारात उभी राहिले. "पाणी कोण वर आणणार?"

"आजवर कुनी आनलं?"

"तू पुन्हा पडशील, आई."

तिनं लुगड्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाली, "इथं मी काय करायली सांग. बसायली अन् खायली. पाव्हनी म्हनून मानसानं किती दिस ऱ्हावं?" तू पाहुणी नाहीस, असं म्हणणं सोपं होतं, पण तिला ते पटण्यासारखं मी तिथं काही उभं केलेलं नव्हतं. घरात कामाला बाई, बागेला माळी, तिला ओटाही पुसू दिला जात नव्हता. मी पिशवीची चेन लावून दिली. फार वाईट वाटत होतं मला.

पिशवी डिकीत ठेवायला आम्ही बाहेर आलो तर गाडीचं दार उघडं आणि आत ती म्हातारी एकटीच बसलेली. बाकीचे समुद्रावर गेले होते.

"तुमी नाय गेल्या?" आईनं विचारलं.

"भ्याव वाटतं बया. एवढं पानी कवा बघितलं नाय."

"वेरूळपासून इतक्या लांब आल्या अन् गाडीत बसायल्या?" आईनं पिशवी डिकीत टाकली, म्हातारीचा हात धरला आणि तिला खाली उतरवलं. दोघी सुरूच्या झाडांतून किनाऱ्याकडं चालू लागल्या. मी मागं पळाले, कारण माझ्या माहितीप्रमाणं आईनंही वाळूत पाऊल टाकलेलं नव्हतं.

वाळूच्या कडेला आईनं चपला काढल्या, त्या एकात एक घालून दगडाखाली ठेवल्या, म्हातारीच्याही ठेवल्या. साडीचा काठ पोटरीपर्यंत खोचला. "पाय असे आडवे रोवा. खालची वाळू सरकती, तिला सरकू द्यायचं, घाबरायचं नाय. अन् लाटंकडं पाठ करायची नाय, कदीच नाय." लाट आली. म्हातारी किंचाळली, मग हसली, आणि आईचा दंड दोन्ही हातांनी धरून पुढच्या लाटेची वाट बघू लागली.

मी बघतच राहिले. हिला हे कधी आलं? शेजारच्या बाई पाण्यातून बाहेर येत होत्या, त्या दिवशी त्या उशिरा उतरल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांना हसू आवरेना. "तुम्हाला माहीत नाही? दिवाळीपासून रोज सकाळी माझ्याबरोबर येते. पोहत नाही. उभी राहते. मला सांगते, आज पाणी रागात आहे, दूर जाऊ नका. आणि तिचं बरोबर असतं." मी रोज साडेसातला उठून आईला देवघरात बघत होते आणि समजत होते की ती आत्ताच उठली.

तेवढ्यात शेजारी पाच-सहा बायका समुद्राकडं पाठ करून फोटोसाठी उभ्या राहिल्या. परभणीकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. "ए बायांनो! फिरा इकडं! पाठ नका करू!" आईचा तो आवाज मी लहानपणी नळावर ऐकलेला. बायका गर्रकन वळल्या, मागून आलेली लाट त्यांच्या कमरेपर्यंत चढली, एक जण गुडघ्यावर आली पण बाकीच्यांनी धरली. आईनं मग सगळ्यांना हातात हात धरायला लावलं. एका टोकाला वेरूळची म्हातारी, दुसऱ्या टोकाला लाल टोपीवाल्या बाई, मध्ये या परभणीच्या, आणि आई सगळ्यांसमोर लाटेला आडवी. तिच्या तोंडावर जो काही उजेड होता तो मी वडील गेल्यापासून बघितला नव्हता.

उन्हं कलली तशी वेरूळची मंडळी निघायला आली. पाय धुऊन झाले, प्रत्येकी एक तांब्या. म्हातारी गाडीत बसायला तयार नव्हती, तिला अजून एक लाट हवी होती. मुलानं डिकी उघडून सामान नीट लावलं आणि शेजारचं दार उघडून धरलं. "बसा, मावशी."

आई डिकीकडं गेली. पिशवी बाहेर काढली, बाकावर ठेवली आणि आतला बटवा काढला. त्यातून एक किल्ली निघाली, लाल दोरा बांधलेली.

"ही सिडकोत द्या," ती त्या मुलाला म्हणाली, "आमच्या शेजारनीला. तिच्या भाचीला कॉलेजासाठी खोली पायजे होती. म्हनावं, घर वापर. पाण्याच्या दिवशी पोरीला एकटीला जिन्यानं बादली उचलू देऊ नको, तेवढं सांगा."

"अन् तुम्ही, मावशी?"

"मला सध्या सवड नाय बाबा. मे चालू हाये."

मुलानं पत्ता लिहून घेतला, किल्ली वरच्या खिशात घातली आणि त्यावर बटण लावलं. गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर म्हातारी खिडकीतून हात हलवत होती. मी पिशवी उचलायला गेले तर आईनं ती मला घेऊ दिली नाही. आत गेले, ओट्याशी उभं राहून पोटभर रडून घेतलं, आणि मग सगळ्यांसाठी चहा टाकला.