अर्धी भरलेली टाकी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात श्रीपाल मगदुमांचं वर्कशॉप विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘चंद्रावरचे अण्णा’ म्हणा, चहाच्या गाडीवरचा माणूस सुद्धा हातातली किटली खाली न ठेवता वाट दाखवील. ऐंशीला टेकलेला माणूस, पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि रस्त्यानं जाताना हमखास कुणीतरी ओरडणार, “काय अण्णा, चंद्रावर म्हसरं हायती का?”

“हायती की,” अण्णा म्हणायचे. “धार काढाय माणूस मिळंना, येतोस का?”

हे चांगल्या दिवसांतलं. आता कुणी ओरडत नाही, आणि ओरडलं तरी अण्णांना ऐकू जात नाही.

हातकणंगल्याकडच्या जैन शेतकऱ्याचा हा मुलगा एकोणीसशे अडुसष्ट साली अमेरिकेत गेला, ही गोष्ट खरी. सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी घेतली आणि पुढच्या संशोधनासाठी तिकडच्या एका विद्यापीठात दाखल झाला. तिथं तळघरात एक लांबलचक खोली होती. खोलीत मोटरवर हलणारं टेबल, टेबलावर काचेची टाकी आणि टाकीत निळं रंगवलेलं पाणी. त्या टेबलाभोवती निरनिराळ्या खात्यांची पोरं जमवली होती. एक सिव्हिलवाला, त्याला भूकंपात धरणाचं पाणी कसं डुचमळतं ते ठाऊक. एक इलेक्ट्रिकलची मुलगी, तारा आणि मोजमापाचे काटे सांभाळणारी. एक पोलिश आडनावाचा ठेंगणा केमिकलवाला. आणि मेकॅनिकलचे अण्णा, थंडीनं नाक लाल झालेले, डाळ-भातावर आणि उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढणारे.

प्रश्न म्हटलं तर घरातलाच होता. काठोकाठ भरलेली घागर हिंदकळत नाही, रिकामी तर नाहीच. घोळ करते ती अर्धी. रॉकेट वर निघालं आणि टाकीतलं इंधन निम्मं संपलं, की उरलेलं असंच हिंदकळतं आणि अख्ख्या रॉकेटला झोकांड्या द्यायला लावतं. मग टाकीत भोकं पाडलेले पत्रे उभे-आडवे बसवायचे, म्हणजे लाट फुटते आणि पाणी गप बसतं. कुठला पत्रा, किती रुंद, भोकं केवढी, हे ही पोरं दिवसच्या दिवस टेबल हलवून बघत. केमिकलवाला मात्र प्रत्येक वेळी एकच विचारायचा, “हे सगळं धुणार कोण?” बाकीचे पोट धरून हसायचे. अरे बाबा, रॉकेटची टाकी धुतंय कोण! ती एकदा गेली की गेली.

त्यांचे प्राध्यापक एक वाक्य वारंवार सांगत. पाणी एकटं रॉकेट पाडत नाही, पाणी आणि ते आवरणारा हात, म्हणजे रॉकेट वळवणारी यंत्रणा, दोघं मिळून पाडतात. हाताला जशी सवय लागेल तसा तो वागतो. टाकी बदलली आणि हाताला कळलंच नाही, तर घात झालाच म्हणून समजा. अण्णांचा प्रबंध या हातावरच होणार होता.

माणूस चंद्रावर उतरला तेव्हा सगळे त्या तळघरात टीव्हीपुढं बसले होते. अण्णा ढसाढसा रडले. आपण लावलेल्या पत्र्याचा त्यात काडीइतका का होईना हात आहे, असं त्यांना वाटलं. ते खरं होतं की नव्हतं, देव जाणे. पण चंद्र एकदा हाताला लागल्यावर लोकांना त्याचं काय कौतुक? वर्ष-दोन वर्षांत पैसा आटला, खोलीला कुलूप लागलं, ते टेबलही भंगारात गेलं. सिव्हिलवाला धरणांकडं गेला, केमिकलवाला रंगाच्या कारखान्यात, ती मुलगी धुलाईयंत्रं करणाऱ्या कंपनीत. अण्णा अर्धा प्रबंध घेऊन कोल्हापुरात परतले. भाऊबंद म्हणाले, अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन आला बघा.

इथं रॉकेट कुठलं? इथं ऊस आणि दूध. अण्णांनी दुधाच्या टँकरच्या टाक्या बांधायला घेतल्या आणि पहिल्या गिऱ्हाइकापासून तुणतुणं लावलं, की टाकीत पडदे घाला. त्या पत्र्यांना वर्कशॉपमध्ये पडदे म्हणत. डेअरीवाले हसायचे. दुधाची टाकी आतून कशी भांड्यासारखी गुळगुळीत पाहिजे, कानाकोपरा नको, नाहीतर दूध नासतंय. अण्णा गिऱ्हाइकाला चहा पाजायचे, पातेल्यात पाणी हिंदकळवून दाखवायचे, आणि शेवटी गुळगुळीत टाकी बांधून द्यायचे. उभी हयात यातच गेली. केस पांढरे झाले, वर्कशॉप मुलाच्या, जिनेंद्रच्या हातात गेलं, आणि चंद्रावरचे अण्णा हे लोकांच्या थट्टेचं नाव होऊन बसलं.

फक्त एकदा त्यांचं ऐकलं गेलं. एका खासगी डेअरीचा जुना मॅनेजर अण्णांच्या तगाद्याला कंटाळून म्हणाला, “घाला बाबा एका टँकरात, पण पुन्हा पडद्याचं नाव काढू नका.” तो टँकर मिळाला नेसरीच्या कृष्णात नावाच्या ड्रायव्हरला. आजऱ्याला निम्मं दूध उतरवायचं आणि उरलेलं घेऊन आंबोलीचा घाट उतरून खाली कोकणात जायचं, अशी त्याची फेरी. अर्धी टाकी आणि घाट! अण्णांना हवं होतं तेच.

महिन्याभरानं कृष्णात दारात हजर. धिप्पाड गडी, मिशीला पीळ, पण अण्णांच्या पायावर डोकं ठेवून लहान पोरासारखा हसायला लागला. “अण्णा, काय जादू केलीया वो? दूध तान्ह्या पोरागत निजतंय. वळणाला गाडीला कळत बी न्हाई, माझ्या मागं दूध हाय म्हणून.”

त्या दिवशी अण्णा आत जाऊन अक्काताईंना, म्हणजे बायकोला, म्हणाले, “माझी राहिलेली पदवी आज मिळाली बघ.” अक्काताईंनी गूळ-खोबरं वाटलं. तेव्हापासून कृष्णात कोल्हापुरात आला की अण्णांच्या पाया पडल्याशिवाय गाडी हलवत नसे. अशी वर्षं गेली. मोकळ्या टाकीचे ड्रायव्हर वळण यायच्या आधीच गाडीचा वेग मारून घेतात, दूध बसू देतात, मग स्टिअरिंग फिरवतात. कृष्णातची ती सवय मोडली. त्याला गरजच उरली नव्हती.

यंदा डेअरीत नवा मॅनेजर आला. त्याला पडद्यांमागं आंबूस वास लागला. दोनदा दूध परत आलं. गणपतीच्या आधी टँकर वर्कशॉपमध्ये आला, पडदे कापून काढा म्हणून. कृष्णात गणपतीसाठी नेसरीला, सुट्टीवर.

बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. जिनेंद्र म्हणाला, “अण्णा, रॉकेटची टाकी एकदा भरायची आणि सोडून द्यायची. ही रोज धुवायला लागते. पोरंबाळं पितात ते दूध.”

अण्णा शिडीवर चढले, झाकण उघडलं आणि टाकीत डोकं घातलं. वास होता. नाकाला झोंबणारा, नासक्या दुधाचा. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ज्याला हसलो, त्या केमिकलवाल्याचा ठेंगणा चेहरा त्यांच्यापुढं उभा राहिला. हे धुणार कोण? तेवढं एक उत्तर त्यांनी जन्मात शोधलं नव्हतं.

ते खाली उतरले. “काप,” म्हणाले आणि घरी गेले. कटरचा आवाज घरापर्यंत येत नव्हता, तरी अक्काताईंनी त्यांना दुपारी कानावर हात ठेवून बसलेलं पाहिलं.

पर्युषणाचे दिवस होते. शेवटचा दिवस अनंत चतुर्दशीचा. त्या दिवशी अण्णांचा दरवर्षी कडक उपवास आणि सूर्य उगवल्यापासून मौन. एक शब्द नाही, खूण नाही, लिहून दाखवणं नाही. बाहेर गावभर विसर्जनाचे ढोल आणि अण्णा सोप्यात चटईवर, डोळे मिटून. जिनेंद्र अभिषेकाला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात गेलेला, अक्काताईही तिकडंच.

सकाळीच दारात चपला वाजल्या. “अण्णा!” कृष्णात होता. दुधाला सण कुठला? मिरवणुकीनं रस्ते बंद व्हायच्या आत टँकर काढायचा होता त्याला. किल्ली वर्कशॉपमधल्या गड्याकडून आधीच घेतलेली. त्यानं चटईवरच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आज तुमचं मौन न्हवं का? ठावं हाय मला. बोलू नगासा. फकस्त पाया पडाय आलतो. टाकी धुऊनबिऊन बेस केलीया म्हणं पोरांनी.”

अण्णांनी डोळे उघडले. आता सांगितलं पाहिजे, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. दोन शब्दांचं काम. पडदे काढलेत. पण ओठ उघडेनात. व्रत आहे, असं मनानं सांगितलं. जिनेंद्रनं सांगितलं असेलच, असंही सांगितलं. आणि या सगळ्याच्या तळाशी जे होतं त्याची अण्णांना लाज वाटली: तुझी टाकी मीच कापायला लावली, हे या माणसाच्या तोंडावर बोलायचं नव्हतं त्यांना. मौन आयतं मिळालं होतं. उद्या फोन करू, असं ठरवून त्यांनी हात जोडले.

कृष्णातनंही हात जोडले आणि तो गेला.

दुपारी, आजऱ्याला निम्मं दूध उतरवून निघालेला टँकर आंबोलीच्या घाटात आडवा झाला. कृष्णात जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनेंद्र फोन कानाला लावूनच अंगणातून आत आला. त्याचा चेहरा बघून अक्काताई खाली बसल्या. अण्णांनी एवढंच विचारलं, “तू त्याला सांगितलं होतंस ना?”

“मी?” जिनेंद्र म्हणाला. “मला वाटलं तुम्ही सांगाल. तो काय तुमच्या पाया पडल्याशिवाय जातोय?”

अण्णांना प्राध्यापकांचं वाक्य आठवलं. पाणी आणि हात. अख्ख्या कोल्हापुरात ही गोष्ट एका माणसाला ठाऊक होती, अगदी बारकाव्यासकट, आणि तोच तोंड मिटून बसला होता. पडदे कधी घातलेच नसते, तर कृष्णात इतरांसारखा भीत भीत वळला असता आणि आज जिवंत असता. आपणच त्याला निर्धास्त केला, आपणच त्याचा आधार कापला, आणि सांगितलं नाही. अक्काताई पाणी घेऊन आल्या, तर म्हणाले, “मला चंद्रावर नाही, मसणात न्यायला हवं होतं.” इतक्या वर्षांत अण्णांच्या तोंडून असं काही अक्काताईंनी ऐकलं नव्हतं.

वर्कशॉपमध्ये बोलणं सुरू झालंच होतं. गणपतीत प्याला असणार. बेफाम चालवत होता. डेअरीवाल्यांनीही तीच री ओढली. अण्णा जाणून होते, की गाडी रोजच्याच वेगात होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नेसरीला रक्षाविसर्जन होतं, आणि जैनांची क्षमावाणीही त्याच दिवशी आली. घराघरांतून लोक एकमेकांना हात जोडत होते, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणून. शेजारच्यांनी अण्णांपुढं हात जोडले, तर ते उठून चपला घालू लागले. मग त्यांनी जिनेंद्रला गाडी काढायला सांगितली. 

नेसरीत कृष्णातच्या दारात माणसं बसली होती. त्याची आई झुंबरबाई भिंतीशी होती. अण्णांना बघून ती उठू लागली, तसे अण्णाच तिच्यापुढं खाली बसले. गुडघे दुखले, पण बसले.

“आलासा अण्णा,” ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज पार बसला होता. “लय नाव घ्यायचा वो तुमचं. म्हणायचा, आये, अण्णांची टाकी हाय तवर मला काय हुईत न्हाई.” तिनं डोळ्याला पदर लावला. “आता लोक म्हणत्यात, प्याला हुता. गणपती बसल्यापास्नं थेंबाला शिवला न्हवता त्यो. तुमी शिकल्यालं हायसा. तुमी सांगा ह्यास्नी. टाकी बरी हुती न्हवं?”

बसलेल्या सगळ्या माणसांनी अण्णांकडं पाहिलं. जिनेंद्रनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी बाजूला सारला.

“तो प्याला नव्हता,” अण्णा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “त्याची काही चूक नव्हती. टाकीतले पडदे काढले होते. तो सुट्टीवर असताना. मी काढायला सांगितले.”

कुणीतरी चुकचुकलं. झुंबरबाईला उमजायला जरा वेळ लागला.

“त्येला ठावं हुतं?”

“नाही.”

“पर त्यो तुमास्नी भेटूनच गेलता की. फोन केलता मला. अण्णांच्या पाया पडलो, आता निघतोय म्हणला.” ती अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं. “मग सांगिटलं का न्हाईसा?”

“माझं मौन होतं त्या दिवशी.”

“मौन?” ती म्हणाली. “त्ये कशापायी धरत्यात, अण्णा?”

अण्णांचे हात जोडलेले होते. क्षमेचा शब्द घेऊन आले होते ते कोल्हापुरापासून, पण तो आता कुठंच सापडेना. म्हातारीनं विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र त्यांना लहानपणापासून तोंडपाठ होतं.

“आपल्या बोलण्यानं,” ते म्हणाले, “कुठल्याही जीवाला इजा होऊ नये म्हणून.”